मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेच्या एचओ लेआउटच्या टेबलाचा जोड पावसाळ्यात सरकतो

एचओ (खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापाच्या) लेआउटसाठी, म्हणजे रूळ मांडायला, ८ फूट बाय ४ फुटांचं टेबल आहे. ४ बाय ४ चे दोन भाग, बोल्ट आणि विंगनटने जोडलेले. फ्रेम पाइनच्या २ बाय १ इंची पट्ट्यांची, वर १२ मिमी कमर्शियल प्लाय. घर रत्नागिरीत, भाड्याचं. भिंतीला ड्रिल करता येत नाही आणि घर बदललं की टेबल सुटं व्हायलाच हवं.

मध्ये प्लाय खाली वाकत होता, म्हणून दर १६ इंचांवर आडव्या पट्ट्या मारल्या, ते थांबलं. पायांना लेव्हलिंग बोल्ट आहेत, स्पिरिट लेव्हलने तपासलंय. त्रास जोडावरचाच. उन्हाळ्यात रूळ अगदी सरळ जुळतात, पण जुलैत एक बाजू मिलिमीटरभर वर येते. एचओच्या चाकाचा कंगोराच (चाकाला रुळावर धरणारी कड) जेमतेम तेवढा, त्यामुळे डबे नेमके तिथेच घसरतात. फिशप्लेट (रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्ट्या) घट्ट केल्या, बोल्टखाली मोठे वॉशर टाकले, फरक नाही. बोल्टचं भोक थोडं सैल असतंच, त्यामुळे तो दोन भाग आवळतो पण जागेवर धरत नाही, असं मला वाटतं. प्लायच्या कडा आणि खालची बाजू अजून रंगवलेली नाही.

सागवान बजेटबाहेर आहे. वेल्डिंगची फ्रेम नको, एकट्याला उचलता यायला हवी.

कोकणात किंवा मुंबईत ज्यांचं टेबल दोन-तीन पावसाळे टिकलंय त्यांना विचारतो: पाइन काढून १८ मिमी मरीन प्लायच्या साडेतीन इंची पट्ट्यांची फ्रेम करावी, की आहे त्याच फ्रेमला जोडावर स्टीलच्या डॉवेल पिना (दोन्ही भागांच्या भोकांत घट्ट बसणाऱ्या खुंट्या) बसवून सगळीकडून सीलर मारला तर भागेल?