फक्त कामाचे मेसेज (ए आणि बी विंग)

रविवार, ११ जानेवारी २०२६ (वसई, महापालिका निवडणुकीचे दिवस)

वैशाली सावंत, बी-२०२ (७.४८): काल रात्री पावणेबाराला जे ग्रुपवर पडलं आणि मग डिलीट झालं, ते कोणाचं? डिलीट केलं म्हणजे कोणी वाचलंच नाही असं होत नाही. आरवला ताप आहे, मी जागीच होते.

वैशाली सावंत, बी-२०२ (७.४९): गणपतीत सगळ्यांसमोर ठरलं होतं ना, इथे राजकारण आणायचं नाही म्हणून?

प्रसाद मोरे, ए-३०१ (७.५५): टाकी कधी साफ होणार? शेवटची मे महिन्यात झाली होती. कृपया उत्तर द्यावे.

भोसले काका, ए-४०१ (८.०२): सुप्रभात 🙏 मीच टाकलं होतं. आलेला मेसेज पुढे पाठवला, बाकी माझं काही नाही. माहिती म्हणून.

वैशाली सावंत (८.०४): "क जागेवरचा उमेदवार रविवारी सकाळी कुठे जातो ते आधी बघा, मग बटण दाबा." ही माहिती, काका?

भोसले काका (८.०६): त्यात खोटं काय? जातातच ना ते चर्चला.

कुलकर्णी काकू, बी-२०४ (८.१०): तिळाच्या वड्यांची ऑर्डर आज संध्याकाळी सहापर्यंतच घेणार. पाव किलो की अर्धा, फ्लॅट नंबरसकट लिहा. मागच्या वर्षी तिघांनी आयत्या वेळी नको म्हटलं, ते माझ्या लक्षात आहे.

राऊत (सेक्रेटरी), बी-१०२ (८.१२): सर्व सभासदांना नम्र विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

प्रसाद मोरे (८.१२): टाकी सोसायटीचंच काम आहे.

म्हात्रे, बी-१०१ (८.२०): काका, प्रभागात चार जागा, तुम्हाला चार मतं द्यायची आहेत. अ, ब, क, ड. चारही दिल्याशिवाय मशीनचा बझर वाजत नाही. पॅनेल असंच बसवतात. एक वाडवळ, एक आगरी, एक ख्रिस्ती, एक बाहेरून येऊन राहिलेल्यांतला. कोणताही पक्ष घ्या. तुम्ही क ला दुसऱ्याला देऊन बाकीचे तीन दिलेत की आपला एक गडी गेला.

वैशाली सावंत (८.२१): "आपला" म्हणजे तुमच्या पक्षाचा. तेवढं स्पष्ट करा.

भोसले काका (८.२६): म्हणजे बघा. पक्षांनी धर्म बघून तिकीट दिलं तर ते समीकरण. आम्ही धर्म बघून मत दिलं की आम्ही जातीयवादी. याचं उत्तर द्या कोणीतरी.

(बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही. कुलकर्णी काकूंना दोन ऑर्डरी आल्या.)

अ‍ॅड. पाटकर, बी-३०३ (८.४७): भोसले, प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं, की कायदा तुमच्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही नाक बघून मत द्या, गोत्र बघून द्या, कोणी विचारणार नाही. कायदा मत मागणाऱ्याचं तोंड धरतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). पार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक आठवते? रमेश प्रभू निवडून आले, हायकोर्टाने निवडणूक रद्द केली, १९९५ ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. पुढे बाळासाहेबांचा मताचा हक्कसुद्धा सहा वर्षं गेला. ते कशावरून? भाषणांवरून. ज्यांनी ती ऐकून मत दिलं, त्यांना कोर्टात कोणी बोलावलं नाही.

भोसले काका (८.४९): मग मी कुठे मत मागतोय? मी मतदार आहे.

अ‍ॅड. पाटकर (८.५१): मेसेज लिहिणारा मागतोय. तुम्ही त्याचे पोस्टमन. आणि १२३(३) विधानसभा-लोकसभेसाठी आहे, महापालिकेचा कायदा वेगळा. पण धर्माच्या नावाने मत मागू नये हे आचारसंहितेतही आहे.

म्हात्रे (८.५२): वकीलसाहेब, फी किती झाली? 😄

निनाद, बी-४०३, न्यू जर्सी (८.५८): इकडे रात्रीचे साडेदहा वाजलेत, पण राहवलं नाही. अमेरिकेत हाच वाद १९६० ला झाला होता. केनेडी कॅथलिक होते. लोक म्हणायचे, हे पोपचं ऐकणार. त्याआधी १९२८ ला अल स्मिथ उभे राहिले, तेही कॅथलिक, सपाटून हरले. केनेडी सप्टेंबरात ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या सभेत स्वतःहून गेले आणि सांगितलं, मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे, कॅथलिक असणं हा योगायोग. आणि निवडून आले.

राऊत (सेक्रेटरी) (९.००): निनाद, दोन क्वार्टरचा मेंटेनन्स बाकी आहे.

निनाद (९.०१): उद्या करतो. आणि परवाच नोव्हेंबरात न्यूयॉर्कने ममदानी निवडला. मुस्लिम महापौर, पहिलाच. प्रचार कशावर? घरभाडं आणि बसभाडं. शिवाय डेट्रॉइटमधून आपले बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, गेलेत. मतदारांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने. ठाणेदार कुठल्या देवळात जातात ते बघायला कोणी बसलं नाही.

कुलकर्णी काकू (९.०३): तू कोणाला दिलंस रे मत?

निनाद (९.०४): मला तिथे मत नाही काकू, ग्रीन कार्ड आहे.

कुलकर्णी काकू (९.०४): आणि इथे?

निनाद (९.०५): इथे यावं लागतं.

म्हात्रे (९.०५): म्हणजे तिथेही नाही, इथेही नाही. फक्त ग्रुपवर. 😂

भोसले काका (९.११): निनाद, एक सांग. तुझ्या केनेडीला कॅथलिकांनी किती मतं दिली?

निनाद (९.१५): गॅलपच्या आकड्यांप्रमाणे १०० तली ७८.

भोसले काका (९.१६): झालं तर मग. ते आपल्या माणसाला देतात, आणि आम्ही मात्र मोठ्या मनाचं व्हायचं. इथेही तेच होणार आहे. आकडा मोजून घ्या १६ तारखेला.

प्रसाद मोरे (९.१७): टाकी कधी साफ होणार? शेवटची मे महिन्यात झाली होती. कृपया उत्तर द्यावे.

वैशाली सावंत (९.२०): काका, "ते" म्हणजे कोण? ए-१०४ च्या डाबरे बाई पण "ते" मध्ये येतात का?

भोसले काका (९.२२): बाईंचं नाव मी घेतलेलं नाही. उगाच काड्या घालू नका.

अ‍ॅड. पाटकर (९.२५): माझे वडील १९६७ ला गिरगावात राहायचे. जॉर्ज फर्नांडिस उभे होते, समोर स. का. पाटील, मुंबईचे अनभिषिक्त राजे. जॉर्ज मंगळुरूचे, पाद्री व्हायला सेमिनरीत गेलेले. वडील सांगायचे, चाळीत एकच चर्चा, पाटील पडतात का. पडले. १९७७ ला तर तुरुंगातून उभे राहिले मुझफ्फरपूरला, ३ लाखांच्या वर मताधिक्य. बिहारात कुठले आले मंगळुरी कॅथलिक?

भोसले काका (९.२७): तो काळ वेगळा होता.

म्हात्रे (९.३०): काका, तुम्ही पेणचे ना? कुलाब्यात १९८९ ला कोणाला दिलं होतं?

भोसले काका (९.३४): अंतुलेसाहेबांना. का?

म्हात्रे (९.३४): काही नाही, सहज. 😊

भोसले काका (९.३६): त्यांची गोष्टच वेगळी. ते आपले होते. कुलाब्याचं रायगड कोणी केलं? त्यांनी, १९८१ ला.

वैशाली सावंत (९.३७): म्हणजे मुस्लिम असून अंतुले आपले आणि क चे उमेदवार, नाक्यावरचे सर, परके. नक्की कुठून कुठपर्यंत आपले धरायचे, नकाशा टाका एकदा.

भोसले काका (९.४०): २००९ ला मी अंतुल्यांच्या विरुद्ध गीतेंना दिलं. २६/११ नंतर अंतुले जे बोलले ते मला पटलं नाही. धर्म बघून नाही, बोलणं बघून.

अ‍ॅड. पाटकर (९.४१): हेच तर मी पाऊण तास सांगतोय.

म्हात्रे (९.४३): वसईत धर्म काढायचा तर १७३९ पासून हिशेब काढावा लागेल.

राऊत (सेक्रेटरी) (९.४३): चिमाजीअप्पांना कृपया यात आणू नये. पार्किंगमध्ये जागा नाही.

कुलकर्णी काकू (९.५०): मी २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला गेले होते. फादर दिब्रिटो अध्यक्ष. तेव्हाही काहींनी आरडाओरडा केलाच, की धर्मगुरू कसा अध्यक्ष. प्रकृती बरी नव्हती, तरी आले. काय सुंदर मराठी हो. आणि वसईची हिरवाई वाचवायला ते रस्त्यावर उतरले, तेव्हा माझे सासरे त्या मोर्चात होते, धोतर खोचून. विहिरीचं पाणी टँकरवाले उपसत होते, तेव्हा कोणाच्या विहिरीवर क्रूस आहे आणि कोणाच्या विहिरीवर तुळस, ते कोणी विचारलं नव्हतं.

कुलकर्णी काकू (९.५१): ए-२०३ अर्धा किलो, बी-१०१ पाव. अजून कोण?

इरफान, ए-२०३ (९.५८): काकू, माझा एक किलो करा, मुंब्र्याहून बहीण येतेय. आणि मंडळी, तुमचा वाद तरी उमेदवाराबद्दल आहे. आमचा तिथपर्यंत येतच नाही. अ, ब, क, ड झालं. आमचं अक्षर कधी येणार?

म्हात्रे (९.५९): पुढच्या वेळी बघू इरफानभाई.

इरफान (१०.००): मागच्या वेळी पण हेच उत्तर होतं. 🙂

प्रसाद मोरे (१०.०२): टाकी कधी साफ होणार? शेवटची मे महिन्यात झाली होती. कृपया उत्तर द्यावे.

डाबरे बाई, ए-१०४ (१०.५१): आत्ताच मिसाहून आले. ९४ मेसेज. आधी चहा घेते.

(इथून अकरा मिनिटं सगळे ऑनलाइन, आणि एकही अक्षर नाही.)

डाबरे बाई (११.०२): भोसले, तो मेसेज मीही रात्री वाचला. "कींमत" लिहिलंय, "किंमत" हवं. "जाग्रुत" असा शब्दच नाही, "जागृत". ज्याने लिहिलं त्याला सांगा, धर्म वाचवायचा असेल तर आधी वेलांटी वाचवा.

डाबरे बाई (११.०४): पाटकर, मागे तुम्ही सांगितलं होतं की सुप्रीम कोर्टात सात न्यायाधीश एका सर्वनामावर भांडले.

अ‍ॅड. पाटकर (११.०५): होय बाई. २ जानेवारी २०१७, ४ विरुद्ध ३. कलमातलं "त्याचा धर्म", त्यातला "त्याचा" कोण? फक्त उमेदवार की मतदारही? बहुमत म्हणालं, दोघेही.

डाबरे बाई (११.०६): सर्वनाम कोणासाठी आलं, हा मी सातवीला दोन मार्कांना विचारायचे.

डाबरे बाई (११.१३): आता माझ्याबद्दल. मी क ला मत देणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलेलं दिसतं. आठवड्यात तिघांनी विचारलं, "तुमचं तर पक्कंच असेल ना बाई". त्यातले दोघे याच ग्रुपवर आहेत. तिसरा चर्चच्या पायरीवर भेटला, तोही तेच म्हणाला. तिथे "आपला माणूस", इथे "त्यांचा माणूस". मला कोणी विचारतच नाही.

डाबरे बाई (११.१५): क च्या उमेदवाराला पाचवीला गणित मी शिकवलंय. हातचा विसरायचा. २०१५ ला निवडून आला तेव्हा म्हणाला, बाई, तुमच्या मागच्या नाल्याचं काम पहिलं. २०२० पर्यंत नगरसेवक होता. मागचं बावखल, म्हणजे जुनं तळं, बुजवून टॉवर उभा राहिला, तेव्हा हा सभागृहात होता. त्यानंतर तर नगरसेवकच कोणी नव्हते, तक्रार करायलाही नाव नव्हतं. गेल्या जुलैत माझ्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी. तांदळाचा डबा ओट्याखालून तरंगत दारापर्यंत आला. हे विचारा त्याला. रविवारी तो कुठे असतो ते मला माहीत आहे, माझ्या मागच्या बाकावर असतो.

कुलकर्णी काकू (११.१६): 🙏🙏

वैशाली सावंत (११.१६): बाई ❤️

म्हात्रे (११.१९): बाई, नाल्याचं काम मंजूर झालंय, निवडणूक झाली की लगेच सुरू.

वैशाली सावंत (११.१९): आचारसंहितेत मंजूर झालं?

म्हात्रे (११.२०): तत्त्वतः.

भोसले काका (११.२४): बाई, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नव्हतं. खरंच.

डाबरे बाई (११.२५): माहीत आहे. कोणाच्याच मनात माझ्याबद्दल काही नसतं. बाकीच्यांबद्दल असतं.

भोसले काका (११.३१): सरांनी मला कधी वाईट वागवलं नाही, हेही सांगतो. स्मिताच्या लग्नात हॉलवर पाणी नव्हतं, फोन केला, अर्ध्या तासात टँकर हजर.

डाबरे बाई (११.३३): टँकर पाठवणं हे नगरसेवकाचं काम नव्हे, भोसले. नळाला पाणी आणणं हे त्याचं काम. टँकर आला म्हणजे तो नापास झाला.

भोसले काका (११.३६): मग बाई, तुम्ही क ला कोणाला देणार?

डाबरे बाई (११.३७): मत गुप्त असतं. नागरिकशास्त्र, सहावी.

कुलकर्णी काकू (११.३८): बाई, तुमचा अर्धा किलो धरू ना?

डाबरे बाई (११.३८): धरा. गूळ कमी.

प्रसाद मोरे (११.४०): टाकी कधी साफ होणार? शेवटची मे महिन्यात झाली होती. कृपया उत्तर द्यावे.

राऊत (सेक्रेटरी) (११.४६): टाकी मंगळवारी १३ तारखेला सकाळी १० ते १ साफ होईल. पाणी आदल्या रात्री भरून ठेवावे.

कुलकर्णी काकू (११.४६): अहो मंगळवारी? माझे सात किलो तीळ भाजायचेत, भांडी कशात घासू?

प्रसाद मोरे (११.४७): धन्यवाद. कोणती टाकी, वरची की खालची?