आपला यम फक्त रेड्यावरच बसतो का?

महालकर
काल इथं एकानं लिहिलं: "कोरियन मालिकांतले यमदूत बघा. काळा कोट घालून आपल्यातच राहतात, भाड्याचं घर, चहा, ड्युटी. मेलेल्याशी दोन शब्द प्रेमानं बोलतात. आपला यम म्हणजे रेडा, फास आणि गरुडपुराणातली कढई. कल्पनाशक्तीच नाही आपल्याकडे." रात्री झोप लागली नाही, म्हणून लांब लिहितो.

आपला यम माणसांत राहून गेला आहे, तेही अख्खा जन्म. मांडव्य ऋषींनी लहानपणी गवताच्या काडीनं किडे टोचले, त्यापायी त्यांना सुळावर चढावं लागलं. अजाण पोराच्या चुकीला एवढी शिक्षा? ऋषींनी यमालाच शाप दिला, दासीच्या पोटी जन्म घे. तोच विदुर. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो, तर पाहुणा ताटकळला म्हणून यम तीन वर देतो. सावित्रीशी तो रानातून चालता चालता बोलत गेला. एवढा माणसाळलेला यम दुसरीकडे दाखवा.

बर्डीवाला
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. विदुर कोणाचा जीव न्यायला येत नाही. ती शिक्षा होती, काम नव्हतं. मी कामावरच्या दूताबद्दल बोलतोय. कोरियात पूर्वी घरात माणूस गेला की दाराशी तीन वाट्या भात आणि गवती चपलांचे तीन जोड ठेवायचे, न्यायला येणाऱ्या तिघांसाठी. लांबून आलेत, लांब जायचं आहे, म्हणून. आपल्याकडे यमदूताला पाणी तरी कोणी विचारतं का? अजामिळाच्या गोष्टीत विष्णुदूतांनी त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं.

वडाची फेरी
सत्यवानाला न्यायला दूत आलेच नव्हते. असा गुणी माणूस माझ्या नोकरांनी न्यायच्या योग्यतेचा नाही, असं सांगत यम स्वतः आला. आणि कामाचंच म्हणाल तर आदिपर्व वाचा. यम नैमिषारण्यात यज्ञाला बसतो, तेवढ्यात माणसं मरायची थांबतात आणि घाबरलेले देव ब्रह्मदेवाकडे धावतात. अर्धवट वाचून परंपरेला नावं ठेवू नका.

मानेवाडा
माझा राग पेपरवाल्यांवर आहे. "ट्रक ठरला यमदूत", "काळाने घाला घातला". माझा लहान भाऊ गेला तेव्हा हेच छापलं. रस्त्यात उभ्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, हे एका ओळीत नाही. यमावर ढकललं की कोणाला जाब विचारायची गरज उरत नाही.

बर्डीवाला
दादा, फार वाईट झालं. पण इथला विषय वेगळा आहे.

मानेवाडा
वेगळा कसा? तुम्ही मालिकेतल्या यमाला गोड करता, ते छापील यमाच्या आड लपतात. मेलेल्याकडे दोघांचंही लक्ष नाही.

घाटरोड
मी घाटावर काम करतो, १४ वर्षं झाली. यमदूत शेजारी राहिला तर कसा, यावर तुमी भांडून राहिले, म्हणून लिहितो. मागच्या साली मले खोली पायजे होती. पाच घरं पाहिली. एका घरी बाईनं चहा ठेवला, मग काम काय करता म्हणे. सांगितलं. चहा आलाच नाही. दुसऱ्यानं सांगितलं, घरात लेकरंबाळं आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये रात्ररात्र उभे होतो. घरचे लोक फाटकापाशी थांबत. आमीच चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचून अग्नी देत होतो, कोणीतरी नाव घ्यावं म्हणून. तवा सारे हात जोडत होते.

काकू, नंदनवन
भाऊ, लोकांच्या मनात भीती असते, राग नसतो. मर्तिकाहून आलं की आम्हीही आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवत नाही. रीत आहे ती. तिला वाईट ठरवू नका.

घाटरोड
तुमचं सुतक तेराव्याला सुटते, काकू. माझं १४ वर्षांत नाही सुटलं.

काकू, नंदनवन
मी तुम्हाला काय बोलले? उगाच अंगावर येऊ नका. आम्ही भाडेकरू ठेवतच नाही.

मानेवाडा
त्यानं तुमच्याकडे खोली मागितली होती का? माझ्या भावाच्या वेळी मला लाकूडसुद्धा नीट धरता येत नव्हतं. ज्यानं माझा हात धरून अग्नी द्यायला लावला, त्याचं नाव मी विचारलं नाही. आज लाज वाटते.

बर्डीवाला
भाताच्या तीन वाट्या लिहिताना माझ्या डोळ्यासमोर मालिकाच होती, हे कबूल. विदुराचंही अर्धं मानतो. पण दासीपुत्र म्हणून त्याला राज्य नाकारलं, ते महालकरांनी गाळलं.

महालकर
गाळलं, खरं आहे. माणसांत राहिला एवढं लिहून मी खूश झालो, त्याला कसं राहू दिलं ते लिहिलं नाही. कल्पनाशक्ती नाही, हे मात्र मी अजूनही मान्य करणार नाही. घाटरोड भाऊ, मग खोली मिळाली का?

घाटरोड
मिळाली. तिथं वेल्डिंगचं काम करतो म्हणून सांगितलं आहे. रात्रपाळीवरून आलो की नळावर हातपाय धुतो, तर मालकीण म्हणते, लय मेहनती आहे पोरगा. कोणत्या भागात राहतो ते इथं कोणी विचारू नका.