डाउनलोड केलेल्या मोठ्या फाइल्स खराब निघतात

सप्रेम नमस्कार,

गेल्या महिनाभरापासून माझ्या घरच्या संगणकावर डाउनलोड केलेल्या मोठ्या झिप फाइल्स उघडताना ‘सीआरसी एरर’ (फाइलमधील माहिती बिघडल्याची सूचना) येते. फाइलचा आकार संकेतस्थळावर दिल्याप्रमाणे बाइटपर्यंत जुळतो, लहान फाइल्सना काहीच होत नाही आणि राउटर बदलूनही फरक पडलेला नाही. इंटरनेट कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

---

नमस्कार,

तक्रार तूर्त थांबवावी. डाउनलोड अर्धवट राहिले असते तर आकार कमी भरला असता. शिवाय पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल, तर वाटेत एक बिट जरी बदलला तरी ब्राउझरच्या ते लक्षात येते आणि जोडणी तुटते. त्यामुळे बिघाड बहुधा माहिती आपल्या संगणकात पोचल्यानंतर होत असावा, आणि तिथे माझा पहिला संशय रॅमवर आहे, त्यानंतर डिस्क व तिच्या केबलवर.

तीच फाइल दोनदा डाउनलोड करून विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधील माहितीवरून काढलेली तिची ओळखखूण, काढावा. ६४ अक्षरांची ती ओळ दोन्ही वेळा सारखीच, पण संकेतस्थळावरील हॅशपेक्षा वेगळी आली, तर दोष तिथल्या प्रतीत असण्याची शक्यता अधिक; दोन्ही वेळा निराळी आली, तर आपल्याच यंत्रात. त्यानंतर यंत्र रीस्टार्ट करून एकाच फाइलचा हॅश पुन्हा काढावा, कारण रीस्टार्ट न केल्यास विंडोज ती फाइल डिस्कऐवजी रॅममधल्या प्रतीवरूनच वाचण्याची शक्यता असते.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ हा तपासणी प्रोग्राम रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक दिसली तरी ती क्षम्य मानू नये. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवण्याची सोय, सुरू असेल तर ते बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. डिस्क साटा केबलची असल्यास स्मार्ट अहवालातील (डिस्क स्वतःच्या स्थितीची ठेवते त्या नोंदीतील) सीआरसी चुकांचा आकडा वाढतो आहे का, तेही पाहावे. आणि निदान होईपर्यंत या यंत्रावरून कसलाही बॅकअप घेऊ नये, कारण सदोष रॅममधून जाणारी प्रत कसलीही सूचना न देता बिघडू शकते.

---

नमस्कार,

दोन्ही हॅश निराळे निघाले आणि मेमटेस्टने अर्ध्या तासातच लाल ओळी दाखवल्या. एक्सएमपी आधीपासूनच बंद होते. रॅमच्या दोन पट्ट्या एकेक करून तपासल्या, सदोष निघालेली काढून टाकली, आणि त्यानंतर डाउनलोड केलेल्या फाइलचा हॅश संकेतस्थळावरील हॅशशी जुळला. या महिन्यात घेतलेला छायाचित्रांचा बॅकअप मात्र कॅमेऱ्याच्या कार्डांवरून पुन्हा घेत आहे.