पहिलीतली किती पोरं सातवीपर्यंत टिकली, हे मोजतात कसं?

मानखुर्दवाली
आमच्या संस्थेला देणगीदारांनी विचारलंय, वस्तीतल्या शाळेत मुलं टिकतात किती टक्के. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या सातवीचा पट ५२, हीच बॅच पहिलीत होती तेव्हा ५५, म्हणजे ९४ टक्क्यांच्या वर, छानच की. पण मी रोज वस्तीत फिरते, दुपारी भंगार निवडणारी पोरं दिसतात त्यातली काही ह्याच शाळेतली आहेत. मग हे कसं काय?

खडूफळा
ताई, पट जुळला म्हणजे पोरं तीच असं थोडीच आहे, मधे तिसरीला-पाचवीला नवीन आलेली पण त्या ५२ मधे आहेत ना. जनरल रजिस्टर मागा, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते ते, पहिलीच्या बॅचची नावं उतरवून घ्या आणि एकेक नाव आजच्या हजेरीपटावर शोधा. समजा ३४ सापडली तर आकडा ६२ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या २१ मधे दाखला नेलेली किती आणि न सांगता गेलेली किती, खरी माहिती तिथेच आहे.

लोकल_मास्तर
बरोबर, पण ती २१ लगेच गळती म्हणून लिहू नका हं. मुंबईत झोपडी पुनर्विकासात गेली की माणूस नालासोपाऱ्याला नाहीतर मुंब्र्याला, पोरगं तिकडच्या शाळेत. २०२२-२३ पासून यूडायसला, म्हणजे सरकारच्या शाळांच्या ऑनलाइन नोंदणीत, प्रत्येक मुलाची नोंद वेगळी होते, आधी नुसते शाळेचे आकडे जायचे. शाळा सोडलेल्या मुलाची नोंद त्यातल्याच 'ड्रॉपबॉक्स' यादीत टाकतात, नवीन शाळा तिथून उचलते. बाईंना लॉगिन उघडून बघायला सांगा कोण अजून तिथेच पडलंय. शाळेतून गेलं पण शिक्षणातून नाही, हे दोन वेगळे रकाने करा.

हजेरीपट
आणि जी ३४ सापडतील त्यांची पण हजेरी बघा बरं का. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ते ठरतं, पट घसरला की शिक्षक अतिरिक्त, मग नाव कमी करायला कोण धजावणार? २०११ ला सरकारने शाळांत जाऊन पटावरची पोरं खरंच आहेत का ते मोजलं, ती पटपडताळणी उगाच नव्हती झाली. महिनाभर सलग गैरहजर असेल तर ते मूल शाळाबाह्यच.

मानखुर्दवाली
बाप रे, म्हणजे ९४ देणगीदारांना पाठवायचाच नाही. रजिस्टर बघायला बाई हो म्हणाल्यात. पण सातवीनंतर शाळाच नाहीये इथे, हायस्कूल हायवेच्या पलीकडे, बऱ्याच मुलींची शाळा सातवीलाच थांबते, त्या कुठल्या रकान्यात?

खडूफळा
त्यांचा दाखला निघाला असेल पण आठवीला कुठेच प्रवेश नसेल, तर गळतीच. तो रकाना मुलींचा वेगळा काढा.