मुंबईत आलेल्या पाहुण्याला लोकलने न्यावे की नाही?

मुलुंडकर
लातूरहून आलेल्या मामा-मामींना मुंबई दाखवायची म्हटल्यावर घरातल्या सर्वांनी "गाडी ठरव, त्यांना लोकलच्या फंदात पाडू नकोस" असे बजावले. मी ऐकले नाही. सकाळची गर्दी ओसरल्यावर, साडेअकराच्या सुमारास, आम्ही धीमी, म्हणजे प्रत्येक स्थानकावर थांबणारी, गाडी पकडली आणि तिघांनाही बसायला जागा मिळाली. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला अशी स्थानकांची नावे मामा मोठ्याने वाचत होते, आणि मस्जिद स्थानक गेल्यावर मामी पदर सावरून दाराकडे निघाल्या. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली, तो हाच मार्ग. तो सोडून पाहुण्याला पूर्व द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत बसवणे म्हणजे मुंबई न दाखवताच परत पाठवणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोरिवली पूर्व
आपण बरोबर होतात म्हणून ते जमले. एकट्या पाहुण्याचे काय? माझे वडील सांगलीहून आले असता बोरिवलीहून ठाण्याला निघाले. दादरला गाडी बदलून 'फलाट एक' गाठा, असे मी जुन्या सवयीने सांगितले. डिसेंबर २०२३ पासून दादरला मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ या क्रमांकांनी ओळखले जातात, हे माझ्या ध्यानातच राहिले नाही. ते पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर उभे राहिले आणि समोर आलेल्या गाडीत बसून पुन्हा बोरिवलीच्या दिशेने आले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा त्या दिवशी जो धीर खचला, तो मी विसरू शकत नाही. शिवाय मध्य रेल्वेवर फलाटावरच्या फलकात कर्जतच्या गाडीचे अक्षर 'एस' आणि धीम्या गाडीचेही 'एस'. परक्या माणसाने यातून काय समजायचे? भुयारी मेट्रो तीन आता आरे ते कफ परेड अशी साडेतेहतीस किलोमीटर धावते, विमानतळ, सिद्धिविनायक, हुतात्मा चौक ही तिचीच स्थानके आहेत, आणि तिथे सरकते जिने व उद्वाहने आहेत. पाहुण्यांना तिनेच पाठवावे.

गिरगाववासी
मेट्रोबद्दल सहमत आहे, परंतु जमिनीखालून गेलेल्या माणसाला शहर दिसत नाही. दक्षिण मुंबईपुरता बेस्टच्या बसचा विचार व्हावा. किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले, तरीही टॅक्सीपेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे. समोरच्या पाटीवरचा क्रमांक देवनागरीत असल्यामुळे आपल्याकडच्या गावांतून आलेल्यांना तो चटकन वाचता येतो.

मुलुंडकर
बोरिवली पूर्व, आपल्या वडिलांना झालेला त्रास वाचून वाईट वाटले. एकट्या ज्येष्ठाने दादरला गाडी बदलू नये, हे मला मान्य आहे. मात्र मेट्रो तीन मुलुंड, डोंबिवली किंवा कल्याणला येत नाही, आणि मुंबईबाहेरून येणाऱ्यांचे बहुतेक नातेवाईक याच भागांत राहतात. तिथून मेट्रो गाठायची, तरी आधी लोकलच धरावी लागते. त्यामुळे पाहुण्याला लोकलपासून दूर ठेवण्याऐवजी तिची रीत शिकवावी: गाडी धीमीच घ्यावी, सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर निघू नये, उतरायचा फलाट कोणत्या बाजूला येतो ते दोन स्थानके आधीच सहप्रवाशांना विचारावे. डब्यात हे विचारल्यावर कोणी सांगितले नाही, असे मी आजवर पाहिलेले नाही.

बोरिवली पूर्व
पाचनंतर निघू नये म्हणता, पण गेटवे आणि मरीन ड्राइव्ह पाहून माणूस परततो तो नेमका त्याच वेळी. पुरुष धक्के खात चढतील. महिलांच्या डब्यात एकट्या चढलेल्या मामींना मुलुंडला वेळेत दाराशी कोण आणणार? गाडी स्थानकात अर्धा मिनिटही थांबत नाही. आपण त्या दिवशी परत कसे आलात, ते लिहिलेले नाही.

मुलुंडकर
मुद्दाम रात्री नऊपर्यंत थांबलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहूनच गाडी सुटत असल्यामुळे ती रिकामी लागली आणि खिडकीची जागा मिळाली. मामी भायखळ्यापासून झोपल्या, त्या थेट नाहूरला उठल्या.