मदत हवी आहे: सोफीसारखा बुडबुडा, पण 'टक्' न वाजता

ग्लासगोच्या संगीतनिर्मात्या सोफी यांनी रबर, पत्रा, बुडबुडे असे आवाज सॅम्पल (रेकॉर्ड केलेले तुकडे) न घेता थेट सिंथवर (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या वाद्यावर) घडवले, तेही मुख्यतः इलेक्ट्रॉन मोनोमशीन या सिंथवर. २०१३ चं 'बिप' हे गाणं ऐका, आजही थक्क व्हायला होतं!

तसा बुडबुड्याचा आवाज मला सिंथवर हवाय. सेटिंग: एकच साइन वेव्ह (साधी, गुळगुळीत लहर), पिच (सुराची उंची) ४०० वरून १२०० हर्ट्झ ८० मिलिसेकंदांत, अ‍ॅटॅक (आवाज पूर्ण जोरात यायला लागणारा वेळ) शून्य. सुरुवातीला 'टक्' येतं. अ‍ॅटॅक ५ मिलिसेकंद केला की टक् जातं, पण 'डुबुक्'मधला ओलेपणाही जातो. फेज रिसेट लावला तर दर सुराला लहर शून्यापासून निघते, म्हणून टक् थांबतं. मात्र सूर पटापट आले की आधीचा मध्येच कापला जातो आणि टक् परत हजर.

दोन व्हॉइस (सिंथमधले स्वतंत्र आवाज) आलटूनपालटून वाजवावेत का? आणि पिचची चढण सरळ ठेवावी की शेवटी एकदम उसळणारी?