जमीन गोठायच्या आधी

विषय: लसूण जमिनीबाहेर का आला?

नमस्कार मंडळी,

बागेतलं एक कोडं आहे. गेल्या वर्षी पानगळ सुरू होता होताच मी लसूण लावला आणि लगेच वर पाचोळ्याचा जाड थर घातला. थंडी पडायच्या आत वीतभर पात आली, मला आनंदच झाला. बर्फ वितळल्यावर पाहते तर निम्म्या पाकळ्या मातीवर आडव्या, मुळं उघडी, कुणी उपटून ठेवाव्यात तशा. बाकीच्या जागच्या जागी कुजलेल्या. पाचोळा बराचसा वाऱ्याने कुंपणाशी गोळा झाला होता. घरी सगळ्यांनी खारींवर आळ घेतला, पण एकही पाकळी कुरतडलेली नव्हती. यंदा काय वेगळं करू?

दुसरं, कढीपत्त्याची कुंडी आत कधी घ्यायची? दर हिवाळ्यात घरात आली की तो पानं टाकतो. मग मी जास्त पाणी घालते, तरी गळतीच.

*

ताई,

खारींना यातून सोडा. ही करामत जमिनीची आहे. माती गोठायला लागली की खालची ओल वर खेचली जाते आणि मातीत बर्फाचे पातळ थर धरतात. त्यांनी जमीन फुगते आणि पाकळीला वर उचलते. वितळताना माती खाली बसते, पण पाकळीखालच्या पोकळीत तोवर माती शिरलेली असते, त्यामुळे ती जागेवर परतत नाही. असं पाच-दहा वेळा झालं की पाकळी बाहेर. एकदा गोठून तशीच राहिलेली जमीन लसणाला काहीही करत नाही. दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं, हे त्याला सोसत नाही.

म्हणून पाचोळा घालायचा तो जमीन ऊबदार ठेवायला नव्हे, गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी म्हणून. तुम्ही तो फार लवकर घातलात. माती अजून कोमट होती, वरून झाकण बसलं, पात फोफावली. शिवाय पानं अख्खी असणार. अख्खी पानं कोरडी असली तर उडतात आणि भिजली तर एकमेकांना चिकटून हवा कोंडतात. जिथून उडाली तिथल्या पाकळ्या वर आल्या, जिथे चिकटली तिथल्या कुजल्या, असा माझा अंदाज. यंदा पानांवरून गवत कापायचं यंत्र दोनदा फिरवा. नखाएवढा चुरा झाला की तो वाऱ्याने सहज हलत नाही. वाफ्याचा वरचा थर टणक झाला की मग 10 ते 15 सें.मी. पसरा. उरलेला चुरा एका कोपऱ्यात रचून ओला ठेवा, एक-दोन वर्षांत काळी भुसभुशीत माती होते. पानं पोत्यात भरून रस्त्यावर ठेवलेली दिसली की मला अजून चुटपुट लागते.

लावायची वेळ म्हणजे जमीन गोठायच्या चार ते सहा आठवडे आधी. तेवढ्यात मुळं धरतात आणि पात फारशी वर येत नाही. गड्ड्यातल्या सर्वांत मोठ्या पाकळ्या निवडा, साल काढू नका, टोक वर ठेवा. टोकावर 5 ते 7 सें.मी. माती, दोन पाकळ्यांत 15 सें.मी. अंतर. थंडीला घाबरून वसंतापर्यंत थांबू मात्र नका. काही आठवडे गारवा लागल्याशिवाय गड्ड्यात नीट पाकळ्या पडत नाहीत, नुसता एक अखंड गोल गड्डा मिळतो. ट्यूलिपचंही तेच, गारव्याशिवाय धड फुलत नाही. तो मात्र 15 ते 20 सें.मी. खोल लावा.

कढीपत्ता रात्रीचं तापमान 10 अंशांकडे उतरू लागलं की आत. पानं गळतात ती मुख्यतः उजेड कमी पडल्यामुळे, झाड विसावा घेतं. त्या वेळी जास्त पाणी दिलंत की मुळं सडतात. वरची माती दोन पेरं खोलवर कोरडी लागली तरच पाणी, आणि खत वसंतापर्यंत बंद. आत नेण्याआधी पानांची मागची बाजू भिंगातून पाहा.

*

एक भर घालते. हवामानाच्या अंदाजात 2-3 अंश दिसले तरी निर्धास्त राहू नका. ते तापमान साधारण दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत त्याहून बरंच खाली जातं आणि टोमॅटोची पानं सकाळी उकडल्यासारखी काळी पडतात. संध्याकाळीच जुनी चादर जमिनीला टेकेल अशी घाला, ऊन आलं की काढा. प्लास्टिक पानांना चिकटू देऊ नका, चिकटेल तिथलं पान जळतं.

आणि सदाहरित झुडपांना जमीन गोठेपर्यंत पाणी द्याच. हिवाळ्यातही त्यांच्या पानांतून ओल उडत राहते आणि गोठलेल्या जमिनीतून ती भरून निघत नाही. वसंतात तपकिरी पडलेलं झुडूप पाहून आपण म्हणतो थंडीने गेलं, पण बरेचदा ते तहानेनं गेलेलं असतं. मी अशी दोन घालवली आहेत आणि दोन्हींचं वाईट अजून वाटतं. लायलॅकला, म्हणजे वसंतात फुलणाऱ्या त्या झुडपाला, आत्ता कात्री लावू नका, पुढच्या फुलांच्या कळ्या फांद्यांवर तयार आहेत.

*

दोघींचे मनापासून आभार. आज वाफा उकरून पाहिला, माती हाताला गार लागते पण अजून मऊ आहे. लसूण या शनिवारी लावते, पाचोळा कापून गोणीत थांबेल. कढीपत्त्याची पानं उलटून पाहिली तर मधल्या शिरेशी आणि देठावर मोहरीएवढे तपकिरी फुगीर ठिपके आहेत, नखाने खरवडले की निघतात, हात चिकट होतो. रोग आहे का?

*

नाही ताई, खवले कीड आहे. चिकटपणा तिचाच. कुंडी आत नेऊ नका अजून. मऊ फडक्याने सौम्य साबणाच्या पाण्यात देठ-पानं पुसून काढा, साध्या पाण्याने धुवा, दहा दिवसांनी पुन्हा तेच. नवी पिल्लं इतकी बारीक असतात की पहिल्या खेपेला सुटतातच. तोवर रात्री गारठ्याच्या असतील तर बाकीच्या झाडांपासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवा.